बत्तीस अँपियर

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज पुन्हा ब्रेकर पडला. दुपारी दादाने गाडी चार्जिंगला लावली, आम्ही सगळे जेवायला बसलो, आणि हात धुवायला उठणार तेवढ्यात बाहेर पोर्चमध्ये ‘खट’. या आवाजाला घरातले इतके सरावलेत की कोणी मान वर केली नाही. फक्त दादाने माझ्याकडे बघितलं. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

लिहून काढलं की माझं डोकं जागेवर येतं, म्हणून नीट लिहिते. डिझेलची गाडी विकून विजेची घ्यायची, हा हट्ट माझा. दादा डायलिसिस सेंटरच्या पेशंटना नेतो-आणतो. सकाळी एक फेरी, दुपारी एक. दोन्हींच्या मध्ये गाडी घरी तीन तास उभी असते. चार्जर बत्तीस अँपियरवर चालला की त्या तीन तासांत दुपारच्या फेरीपुरती बॅटरी आरामात भरते, हे गणित मी सगळ्यांना मांडून दाखवलं होतं. धूर नाही, धक्के नाहीत, आजारी माणसाला मळमळणार नाही. घरातली पहिली पदवीधर बोलतेय म्हटल्यावर बाबांनी जुनी गाडी काढायला हो म्हटलं. दादा एवढंच म्हणाला, “बघ हं इंजिनीअर बाई. माझं पोट तुझ्या वायरीला बांधतोय.”

गणित अजूनही बरोबर आहे. तीनदा तपासलं. ब्रेकर मात्र तासाभराने पडतो म्हणजे पडतोच.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

मैत्रिणीकडून क्लॅम्प मीटर आणला. वायरीभोवती चिमट्यासारखा धरला की आतून किती करंट जातोय ते दिसतं. साडेएकतीस. म्हणजे गाडी जास्त ओढत नाही आणि चार्जर जास्त देत नाही. चार्जरसोबतच्या पुस्तकात ओव्हरकरंटची जी कारणं दिलीत, त्यातली दोन मोठी निकालात निघाली. बोर्डात एक स्क्रू सैल सापडला, तो आवळला. सैल जोडणी तापते आणि शेजारच्या ब्रेकरलाही तापवते. तेच असेल.

एक गोष्ट राहिली. ही लाइन मुळात बाबांच्या लाकूड कापायच्या मशीनसाठी टाकलेली. मशीनने बाबांचे कान घेतले, मग मशीन विकलं, लाइन राहिली. ब्रेकरही तेव्हाचाच, त्यावरचा आकडा पुसलाय, पण मशीनसाठीचा म्हणजे बत्तीसचा तरी असेलच. बोर्डापाशी वायर चांगली जाड दिसते, चार्जरपाशीही जाडच. मधला तुकडा वहिनीच्या खोलीच्या भिंतीतून जातो, तो दिसत नाही. बाबांना ओरडून विचारलं, आतपण हीच वायर आहे ना. म्हणाले, “मी उभं राहून टाकून घेतलीय. आणि ओरडतेस कशाला, ऐकू येतं मला.”

भिंतीतला जॉइंट बॉक्स उघडून बघायला हवा. पण त्याच्यावरून प्लास्टर आणि रंग चढलाय, म्हणजे फोडाफोड आली. खोलीत वहिनीचं दोन महिन्यांचं बाळ. धुळीत कसं काम करणार? बाळ जरा मोठं होऊ दे. दोन्ही टोकांना जाड असलेली वायर मध्येच बारीक कशी होईल?

जेवताना दादा म्हणाला, “वायरमन म्हणतो, ब्रेकरच मोठा टाका. कटकट संपली.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “ब्रेकर चार्जरसाठी नसतो रे, वायरीसाठी असतो. वायर फार तापायच्या आत तो पडतो. मोठा बसवला तर तो पडायचा नाही, आणि वायर आत तापत राहील. आपल्याला कळणारसुद्धा नाही.”

आई वाढता वाढता थांबली. “म्हणजे मोठा बसवला तर पडणारच नाही?”

“पडणार नाही, पण...”

“तू आधी जेव. गार होतंय.”

आईने विजेतलं काही विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा. बरं वाटलं. वेळ मिळाला की तिला नीट समजावून सांगेन.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

वाईट दिवस.

स्क्रू आवळून एक दिवस निभावला. काल ब्रेकर परत पडला. म्हणून आज चार्जर बावीसवर आणला. ब्रेकर पडला नाही, पण बॅटरी पुरेशी भरली नाही. दुपारी दादा मास्तरांना घेऊन सेंटरकडे निघाला. मास्तर म्हणजे त्याचे सगळ्यात जुने पेशंट, निवृत्त शिक्षक, आठवड्यातून तीनदा जातात. अर्ध्या वाटेत गाडीने आपणहून वेग कमी केला. दादा रस्त्याच्या कडेकडेने रांगत गेला. मागून हॉर्न. पोचेपर्यंत मास्तरांचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं, ते ताटकळत बसले आणि परत येताना त्यांना धड उभं राहवत नव्हतं.

सेंटरच्या मॅनेजर बाईंचा फोन आला. दादाने मुद्दाम स्पीकरवर ठेवला असावा. “तुम्ही माणूस चांगले आहात म्हणून सांगते. आणखी एकदा असं झालं तर दुपारची फेरी मी दुसऱ्याला देणार. माझ्या पेशंटना थांबता येत नाही.” दुपारची फेरी गेली तर घरात अर्धंच काम उरतं. 

संध्याकाळी मामा आला. त्याला कुठून कळतं कोण जाणे.

“काय भाचीबाई, गाडीला धक्का मारायला माणसं ठेवलीत की नाही?”

मी म्हटलं, अजून शोधतेय मामा, तू येतोस का.

“मी कसला, मी अडाणी माणूस. तुझा तो पदवीचा कागद लाव बॉनेटमध्ये, त्याच्यावर चालते का बघ.” मग आईकडे वळून, “तरी तुला सांगत होतो ताई, तेवढ्या पैशात तिचं लग्न उरकलं असतं.”

दादा हसला, वहिनी हसली, मीही हसले. आई हसली नाही. मामा तिचा पाठचा भाऊ, त्याचं बोलणं तिला लागतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले तर आई दाराशी टॉवेल घेऊन उभी. कधीपासून उभी होती, माहीत नाही. टॉवेल दिला आणि गेली.

चार्जर परत बत्तीसवर ठेवलाय. दादाने पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायचं आणि पडला की उचलायचा, असं ठरलं. हा काही उपाय नाही. मला स्वतःची लाज वाटते.

रविवार, ११ फेब्रुवारी

सापडलं असं वाटतंय. बोर्डाची पेटी पत्र्याची आहे आणि दुपारी नेमकं ऊन तिच्यावर येतं. पेटीला हात लावला तर चटका बसला. ब्रेकर आतून तापून पडतो, त्यात बाहेरून ऊन. थोडक्या फरकाने तो पडत असणार. सावली करायला हवी, आणि चार्जरच्या टोकाची जोडणी नव्या लगने, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायच्या तांब्याच्या टोपीने, पक्की करायला हवी. लग मोठ्या बाजारात मिळेल, परवा जाईन.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली, “उन्हाचं माझ्यावर सोड.”

मंगळवार, १३ फेब्रुवारी

बाजारात पूर्ण दिवस गेला. हवा तो लग चौथ्या दुकानात मिळाला. परत आले तर बोर्डावर पडदा. आईने जुन्या जाड चादरीचा पडदा शिवून, दोन बाजूंना नाड्या लावून, पेटीवर घट्ट बांधून टाकला होता. बघून हसू आलं आणि भरूनही आलं. मी लग बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. उद्या कळेल.

ओट्यावर दोन कप धुवून पालथे होते. आई म्हणाली, वायरमन आला होता, पंखा कुरकुरतो म्हणून बोलावला. पंखा अजून तसाच कुरकुरतोय. कोणी मनापासून काम करत नाही आजकाल.

शनिवार, १७ फेब्रुवारी

चार दिवस झाले. ब्रेकर एकदाही पडला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे पोर्चमध्ये उभे होतो. एक तास झाला, दुसरा झाला. तीन तासांनी दादाने प्लग काढला, बॅटरी बघितली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. “आता तुला इंजिनीअर म्हणायला हरकत नाही.” जिवात जीव आला. खुर्ची आत गेली.

लग की सावली, कशाने झालं ते वेगवेगळं करून बघायला हवं. खरा शास्त्रीय मार्ग तोच. पण चालू असलेल्या गोष्टीत हात घालायला दादा देणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नको आहे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, अर्धं श्रेय आईच्या पडद्याचं. आईला कौतुक सहन होत नाही. ती उठून आत गेली.

आज मॅनेजर बाईंनी मला बोलावलं होतं. सेंटरला स्वतःच्या तीन गाड्या विजेच्या घ्यायच्या आहेत. “तुमच्या घरचा चार्जर तुम्हीच सुधारलात म्हणे. आमचे चार्जर बसवण्याचं काम बघाल का? आधी घरच्या बोर्डाचे फोटो आणि काय काय केलंत ते लिहून द्या.” माझं पहिलं काम. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. मामाला आईने स्वतः फोन करून सांगितलं. आवाज चांगलाच चढवून.

वहिनीही खूश आहे. पोर्चकडच्या भिंतीला लागून बाळाची गादी घातलीय, तिथे ते दुपारभर गाढ झोपतं. “भिंतीला छान ऊब असते गं,” म्हणाली. “या थंडीत माझीही पाठ शेकून निघते.” पोर्चकडून ऊन लागतं त्या भिंतीला, म्हणून असेल. घराची दिशा चांगली आहे, हे बाबा नेहमी सांगतात.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सेंटरसाठी लिहायला बसले. ‘कारणमीमांसा’ या शब्दापाशी अडकले. उन्हामुळे, असं एका ओळीत लिहिलं की पुढे काही सुचत नाही. साडेएकतीस अँपियर, पत्र्याची पेटी, ऊन. पुरेसं आहे का? कॉलेजात सर म्हणाले असते, मोजलं कुठे आहे?

वहिनीच्या खोलीत नव्या रंगासारखा वास येतोय. वहिनी म्हणते तिला येत नाही. दुपट्यांचा असेल.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आज घडलं तसं क्रमाने लिहिते.

सकाळपासून आभाळ भरलेलं. सूर्य दिसलाच नाही. दुपारी दादाने गाडी लावली. मी वहिनीच्या खोलीत दुपटी ठेवायला गेले. बाळ भिंतीला पाठ लावून झोपलं होतं. त्याच्या अंगावर पांघरूण घालताना माझी बोटं भिंतीला लागली.

भिंत गरम होती.

आज ऊन नव्हतं. एवढंच डोक्यात आलं. आज ऊन नाहीये.

बाळाला तसंच उचलून वहिनीच्या हातात दिलं आणि बाहेर पळाले. दादाला म्हटलं, प्लग काढ. तो म्हणाला, अजून अर्धीच झालीय. मी स्वतः चार्जर बंद केला. पडद्याच्या नाड्या सुटेनात, दातांनी सोडल्या. ब्रेकर नवा कोरा होता. त्याच्यावर त्रेसष्ट लिहिलेलं.

त्रेसष्ट. वायर वितळून भिंत पेटली असती तरी तो पडला नसता. जुना ब्रेकर रोज तासाभराने पडत होता तो यासाठीच. तो बिघडला नव्हता. तो एकटाच नीट काम करत होता, आणि मी पंधरा दिवस त्याला दोष देत होते.

“दुपारची फेरी आहे,” दादा म्हणाला. “मास्तर तयार होऊन बसले असतील. आजचा दिवस चालू दे. बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवू. उद्या काय ते बघ.”

“नाही.”

“अगं तासाभराचा प्रश्न आहे.”

“दादा, नाही म्हटलं ना.”

तो माझ्यावर इतका ओरडला की बाबांनाही ऐकू गेलं, ते बाहेर आले. मी मेन स्विचसमोरून हलले नाही. मग मीच मॅनेजर बाईंना फोन केला. गाडी येऊ शकत नाही, चार्जर धोकादायक झालाय, चूक आमच्या घरची आहे, मास्तरांसाठी दुसरी गाडी पाठवा. त्या म्हणाल्या, “पण तुम्ही तर तो सुधारला होता ना?”

मी म्हटलं, मला तसं वाटलं होतं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

भिंत फोडली. छिन्नी बाबांनीच चालवली. बॉक्सच्या आत बोर्डाकडून येणारी जाड वायर संपते आणि तिला एक बारीक वायर जोडलेली आहे. पुसलेल्या आकड्याचा तो जुना ब्रेकर या बारीक वायरीच्याच मापाचा असणार. पलीकडे चार्जरपाशी परत जाड. जोडापाशी प्लास्टिक काळं पडून पापडासारखं सुटत होतं. तांबं उघडं. बॉक्सचं झाकण वाकलेलं. त्याच्यापासून हातभर अंतरावर बाळाचं डोकं असायचं.

बाबांनी छिन्नी खाली ठेवली. “मी उभा होतो,” म्हणाले. “वायर कमी पडली तेव्हा टाकणाऱ्याने काहीतरी जोडलं होतं खरं. मला वाटलं, जोडली म्हणजे झालं.”

मी तरी काय वेगळं केलं. दोन टोकं बघितली आणि मधलं गृहीत धरलं.

वायरमनकडे गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. तो शांतपणे म्हणाला, “ताई, मी आपल्या मनाने कशाला बसवू? तुमच्या घरातूनच सांगितलं, पडणार नाही असा बसवून द्या. मी बसवला.”

“कोणी सांगितलं?”

“घरात विचारा. मला मध्ये घेऊ नका.”

घरी येऊन दिवाणखान्यात सगळ्यांसमोर विचारलं. कोण होतं ते? मी इतकं समजावून सांगितलं होतं, तरी कोणी केलं? आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात दादा म्हणाला, “मी सांगितलं त्याला. झालं समाधान?”

मला वाटलंच होतं. तरी विचारलं, “कितीचा बसवायला सांगितलास?”

“असेल चाळीसचा.”

“त्रेसष्टचा होता.”

“तेच ते.”

तेच ते. स्वतःचं बाळ त्या भिंतीला टेकून झोपत होतं आणि याला आकडाही आठवत नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. बाळ वाचलं म्हणून वहिनी काल माझे पाय धरायला निघाली होती, ती आज दादाकडे बघेना. आश्चर्य म्हणजे दादाने सगळं ऐकून घेतलं. आई दारातच खाली बसली. तिला पाणी दिलं. म्हटलं, बघ, तुझ्यामुळे आईची काय अवस्था झाली. दादा म्हणाला, “हो. माझ्यामुळे.”

सोमवार, २६ फेब्रुवारी

मॅनेजर बाईंनी दुपारची फेरी दुसऱ्या गाडीला दिली. सकाळची ठेवलीय. तीन चार्जरचं कामही एका कंपनीला दिलं. मी जळलेल्या बॉक्सचा फोटो आणि खरी हकीकत पाठवली होती. त्यावर त्यांनी लिहिलं, ‘कळवलंत ते योग्यच केलंत.’ बाकी काही नाही. मी ते दिवसभर पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात राग आहे की नाही, ठरवता आलं नाही.

नवी वायर आली. बोर्डापासून चार्जरपर्यंत सलग, एकही जोड नाही, भिंतीबाहेरून, छताच्या कडेने. डोळ्यांना दिसेल अशी. इंच इंच मी स्वतः बघितली. तिच्या मापाचा ब्रेकर बसवला. वायर ओढताना शिडी दादाने धरली. आम्ही कामापुरतंच बोललो. मध्येच म्हणाला, “मास्तरांचा फोन होता. नव्या गाडीत धूर येतो म्हणाले.” एवढंच.

रविवार, ३ मार्च

सहा दिवस चार्जर बत्तीसवर चालतोय. दर अर्ध्या तासाने वायरीला हात लावते, कोमट सुद्धा होत नाही. दुपारी आता गाडीला जायचं नसतं, तरी दादा तीन तास लावतो. म्हणतो, सवय राहू दे, फेरी परत मिळाली तर.

दादावरचा राग उतरला. त्याने जे केलं ते फेरी वाचवायला केलं, आणि आता फेरीच नाही. शिक्षा त्याला मिळालीच की. आज आईला तसं म्हटलं. ती अलीकडे जेवत नाही धड, म्हटलं तिला तेवढंच बरं वाटेल. “आई, मी दादाला माफ केलंय. तू काळजी करू नकोस.”

आई भाजी निवडत होती. “त्याला माफ करण्यासारखं त्याने काही केलेलं नाही.”

“केलं नाही कसं?”

“ज्याने केलं त्याने तुझ्यासाठी केलं असेल. तुला लोकांनी हसू नये म्हणून.”

आई नेहमी मुलाचीच बाजू घेते. मी वाद घातला नाही.

एक सवय मात्र तिला लागलीय. बाळाला वहिनीच्या खोलीत निजवायच्या आधी आई ती भिंत तळहाताने चाचपते, वरून खाली, मग परत वर. लिंपलेला भाग अजून ओला दिसतो, तिथे जास्त वेळ हात ठेवते. मी तिला समजावलं की या भिंतीत आता काहीच नाही, जुनी वायर मी ओढून काढलीय, भिंत गरम होणं शक्यच नाही. ती मान डोलावते. थोड्या वेळाने परत हात लावते.

आज म्हटलं, “आई, गार आहे ती.”

“हो,” म्हणाली. हात काढला नाही.

घरात शिकलेली मुलगी असून आईचा माझ्या शब्दावर भरवसा बसत नाही, याचं वाईट वाटतं. हळूहळू बसेल.